जूनमध्ये इंग्लंड : मैत्रिणीची साठी, बागा आणि नाटकं (प्लॅन तपासून द्या)

तिसरी घंटा

नमस्कार मंडळी, आमच्या चौघींच्या ग्रुपमधली एक जण येत्या १८ जूनला साठ पूर्ण करतेय. घरच्यांनी शांत करायची म्हटल्यावर तिने सरळ सांगून टाकलं की होमहवन नको, मला इंग्लंडच्या बागा दाखवा. ती बागवेडी, मी नाटकवेडी, आणि उरलेल्या दोघी 'तुम्ही ठरवा आम्ही येतो' पंथातल्या (आणि तिकडे गेल्यावर कुरकुर करणाऱ्या, इथे त्या वाचत नाहीत म्हणून बिनधास्त लिहितेय). त्यातली एक रेडिंगजवळच राहते, तिच्याकडे गाडी आहे पण छोटी, चार बायका आणि चार बॅगा त्यात मावणार नाहीत असं तिचं म्हणणं. दुसरी अमेरिकेतून येणार. मी आणि बर्थडे गर्ल इकडून.

हातात दहा-बारा दिवस आहेत. मी जे काढलंय ते असं : लंडन, मग सिसिंगहर्स्ट आणि ग्रेट डिक्स्टर या बागा, मग बाथ, मग कॉर्नवॉलचं ते समुद्राच्या कड्यावरचं मिनॅक थिएटर, मग शेक्सपिअरचं गाव स्ट्रॅटफर्ड, आणि वेळ उरला तर लेक डिस्ट्रिक्ट. नाटकं निदान चार तरी. एकीचे गुडघे कुरकुरतात, दुसरी शाकाहारी. खर्च अगदी हात आखडून करायचा नाही पण उधळायचाही नाही.

प्रश्न : १) हा प्लॅन होण्यासारखा आहे का? २) वाढदिवसाच्या दिवशी नेमकं कुठे असावं? ३) नाटकांची तिकिटं आत्ताच काढावीत की तिकडे जाऊन? आणि हो, हे सगळं तिच्यासाठी सरप्राइज ठेवायचा विचार आहे, जमेल का?

आगगाडी

सरप्राइजचं आधी सांगतो, नाही जमणार. तिचा व्हिसा लागणार, त्यासाठी तिला स्वतः जाऊन बोटांचे ठसे नि फोटो द्यावे लागणार, मग काय डोळ्याला पट्टी बांधून नेणार का :) फार तर कुठलं नाटक ते गुपित ठेवा. व्हिजिटर व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो आणि निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो, म्हणजे मार्चच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत उरकून टाका, मे महिन्याची वाट बघू नका, सुट्ट्यांच्या सीझनमध्ये अपॉइंटमेंटच मिळत नाही. अमेरिकेतल्या मैत्रिणीचा पासपोर्ट तिकडचा असेल तर तिला व्हिसा नाही पण ईटीए (प्रवासाची पूर्वपरवानगी) लागतो, ते ऑनलाइन होतं, पण विसरली तर विमानातच चढू देणार नाहीत.

आता प्लॅन. मिनॅक काढून टाका. लंडनच्या पॅडिंग्टनहून पेन्झान्स ट्रेनने पाच तासांच्या वर आहे, तिथून पुढे बस किंवा टॅक्सी, म्हणजे जायला एक दिवस यायला एक दिवस, आणि नाटक उघड्यावर. लेक डिस्ट्रिक्ट दुसऱ्या टोकाला. नकाशावर इंग्लंड तळहाताएवढं दिसतं म्हणून लोक फसतात.

ट्रेनचं म्हणाल तर तीन ते नऊ जण एकत्र जात असाल तर ग्रुपसेव्ह नावाची सवलत असते, ऑफ-पीक म्हणजे गर्दीची वेळ सोडूनच्या तिकिटावर एक तृतीयांश कमी, कार्ड वगैरे काही काढावं लागत नाही. सगळ्या कंपन्या देत नाहीत पण लंडनच्या आसपासच्या बऱ्याच देतात. शिवाय साठ पूर्ण झालेल्यांना सवलतीचं सीनियर रेलकार्ड काढता येतं, तुमच्यातल्या दोघी-तिघी बसतील त्यात, बर्थडे गर्लला मात्र १८ तारखेपर्यंत थांबावं लागेल. तिला वाढदिवसाची भेट म्हणून तेच द्या, वर्षभर चालतं, रेडिंगला पुन्हा जायला निमित्त होईल.

रानजाई

अरे वा, काय सुंदर कारण आहे जायचं! आणि तारीख तर इतकी नेमकी की ठरवून जन्माला आल्यासारखी. जूनचा मधला आठवडा म्हणजे जुन्या गुलाबांचा. जुने म्हणजे आपण फुलवाल्याकडे बघतो ते लांब दांड्याचे नाहीत, १९००च्या आधीच्या जाती, भरगच्च पाकळ्यांचे, वासाचे, आणि त्यातले बहुतेक वर्षातून एकदाच फुलतात. ते बघायचे तर हॅम्पशरमधलं मॉटिसफाँट. ग्रॅहॅम स्टुअर्ट थॉमस नावाच्या माणसाने १९७०च्या दशकात तिथे जुन्या भिंतींच्या आतल्या बागेत हा संग्रह लावला, आधी ती जागा घराची भाजीची बाग होती. भिंती उंच आहेत त्यामुळे वारा लागत नाही आणि वास आतल्या आत कोंडून राहतो. रेडिंगहून गाडीने तास-सव्वा तास. वाढदिवसाच्या दिवशी मी तर तिथेच असेन, दुसरीकडे कुठे नाही. फक्त वीकेंड टाळा आणि उघडताक्षणी पोचा, कारण गुलाब असतात तेवढे दिवस अख्खं दक्षिण इंग्लंड तिथे लोटतं.

सिसिंगहर्स्ट आणि ग्रेट डिक्स्टर दोन्ही केंट-ससेक्सच्या सीमेवर आहेत, पण एका दिवसात दोन्ही करू नका प्लीज. लोक करतात, आणि मग दोन्ही बागा एकमेकींत मिसळून डोक्यात नुसतं हिरवं राहतं. दोघींचा स्वभाव अगदी वेगळा. सिसिंगहर्स्ट व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि तिच्या नवऱ्याने १९३० मध्ये पडकी जागा घेऊन उभं केलं, नवरा हॅरॉल्ड निकल्सन रेषा आखायचा आणि ही त्यात झाडं कोंबायची, म्हणजे आराखडा एकदम कडक आणि लावणी सैल. तिथला टॉवर चढून वरून बघितलं की त्याच्या रेषा कळतात, खाली उतरलं की तिची झाडं. पांढरी बाग प्रसिद्ध आहे, पण तिच्या मधल्या मांडवावरचा पांढरा गुलाब जूनच्या शेवटाकडे भरात येतो, तुम्ही थोड्या आधी जाताय, कळ्या मिळतील.

ग्रेट डिक्स्टर म्हणजे क्रिस्टोफर लॉइडची बाग. घरचा गुलाबांचा वाफा म्हातारपणी त्याने उपटून टाकला आणि तिथे केळी, कॅना, डेलिया असला भडक माल लावला, इंग्लंडमध्ये! लोक हबकले होते. २००६ मध्ये तो गेला, आता फर्गस गॅरेट बघतो. तुमची मैत्रीण जर हाताने माती उकरणारी असेल तर तिला डिक्स्टर जास्त आवडेल, नुसती फोटो काढणारी असेल तर सिसिंगहर्स्ट. सोमवारी डिक्स्टर बंद असतं (बँक हॉलिडे म्हणजे सार्वजनिक सुट्टी सोडून), हे लक्षात ठेवा.

कोपऱ्यातली खुर्ची

बागांचं रानजाईंनी सांगितलंच आहे, मी नाटकाचं सांगतो. आधी नाटकांच्या तारखा पक्क्या करा, मग त्यांच्या अवतीभवती बागा बसवा, उलटं नको. बाग आज नाही तर उद्या उघडी असते, प्रयोग मात्र तुमच्यासाठी थांबत नाही. आणि दोन्ही एका दिवसात आरामात बसतात, कारण बागा बहुतेक पाच-सहाला बंद होतात आणि संध्याकाळचा प्रयोग साडेसातच्या सुमारास. फक्त मॅटिनीचा मोह टाळा, दुपारी अंधारात बसून बाहेर जूनचं ऊन वाया घालवण्यात काय अर्थ आहे. रविवारी बरीच थिएटरं बंद असतात, तो दिवस पूर्ण बागेला द्या.

तिकिटं : जे बघायचंच आहे ते आत्ता काढा. जे 'मिळालं तर बघू' आहे ते तिकडे जाऊन, लेस्टर स्क्वेअरला सवलतीच्या तिकिटांचा टीकेटीएस बूथ आहे, किंवा टुडेटिक्सच्या ॲपवर त्या दिवशीची स्वस्तातली 'रश' तिकिटं निघतात. नॅशनल थिएटरची फ्रायडे रश असते, पुढच्या आठवड्याची तिकिटं १० पौंडांत, शुक्रवारी दुपारी ऑनलाइन झुंबड उडते. चौघींना एकत्र खुर्च्या मिळतीलच असं नाही, पण नाटक बघताना बोलायचं नसतंच.

गुडघ्यांसाठी खास. वेस्ट एंडची (लंडनचा नाटकांचा भाग) जुनी थिएटरं एडवर्डियन-व्हिक्टोरियन आहेत, दिसायला देखणी आणि पाय ठेवायला जागा नाही. सगळ्यात वरच्या बाल्कनीच्या पायऱ्या इतक्या उभ्या की खाली बघितलं की गरगरतं, आणि अनेक ठिकाणी लिफ्ट नाही. पैसे वाचवायला बाल्कनी घेऊ नका, स्टॉल्सच्या (तळमजल्यावरच्या) मागच्या रांगा घ्या. सीटप्लॅन नावाच्या साइटवर लोकांनी आपापल्या खुर्चीवरून दिसणाऱ्या स्टेजचे फोटो टाकलेले असतात, ते बघून मगच पैसे भरा. नॅशनल आधुनिक इमारत आहे, लिफ्ट, स्वच्छतागृहं सगळं भरपूर, काँक्रीटचं आहे म्हणून लोक नाकं मुरडतात, मला आवडतं.

ग्लोबला (शेक्सपिअरच्या काळातल्यासारखं बांधलेलं, मध्ये उघडं थिएटर) स्टेजसमोरच्या यार्डात उभं राहून बघायची तिकिटं ५ पौंडांपासून असतात, आणि तिथली मजा खरं म्हणजे तिथेच, नट अंगावरून चालत जातात. पण तीन तास उभं राहायचं, प्रयोग चालू असताना खाली बसू देत नाहीत, छत्री उघडायला बंदी, पाऊस आला तर रेनकोट घालून भिजायचं. तुमच्यातल्या दोघींनी यार्ड घ्यावं आणि गुडघेवालीने बाकावरची जागा, वर भाड्याने उशी मिळते ती घ्यावीच.

चहाबाज

इतका खल वाचला पण एक जागा कुणीच बोललं नाही जिथे बाग आणि नाटक एकाच फाटकातून आहे. रीजंट्स पार्क! आतमध्ये क्वीन मेरीज गार्डन, साधारण बारा हजार गुलाब, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ऐन भरात, फुकट. आणि त्या बागेतच ओपन एअर थिएटर, १९३२ पासूनचं. पाच वाजता गुलाबांत फिरा, गवतावर बसून खाऊन घ्या, मग प्रयोग. जूनमध्ये सूर्य सव्वानऊच्या पुढे मावळतो, त्यामुळे पहिला अंक उजेडात आणि मध्यांतरानंतर हळूहळू अंधारून येतं, तेव्हा कुठे दिवे जाणवायला लागतात. ते नेपथ्य कुठलंच बंद थिएटर देऊ शकत नाही. जॅकेट न्या, शाल न्या, ऊन होतं म्हणून फसू नका. पावसाने प्रयोग थांबला तर पैसे परत नाहीत, दुसऱ्या दिवसाचं तिकीट बदलून देतात, म्हणून लंडनच्या मुक्कामातल्या पहिल्या-दुसऱ्या दिवसाचं काढा, शेवटच्या नको.

शाकाहारीची काळजी सोडा, इंग्लंड त्या बाबतीत आता फार सोपं झालंय, मेनूवर व्ही लिहिलेलं असतं. बागांच्या कॅफेत स्कोन, क्रीम, जॅम आणि किटलीभर चहा, त्यावर माझे दिवस निघालेत.

रानजाई

@चहाबाज, हे उत्तम आठवलं, अनुमोदन. मीही एक भर घालते, ग्लाइंडबोर्न. ससेक्समध्ये ल्यूइसजवळ एका जुन्या वाड्याच्या आवारात १९३४ पासून उन्हाळ्यात महोत्सव होतो, मध्यंतर चांगलं दीड तासाचं, त्यात सगळे लोक बागेत सतरंज्या पसरून जेवतात. समोर कुरणात मेंढ्या. पुरुष डिनर जॅकेटमध्ये, बायका लांब गाऊनमध्ये, आणि तुम्ही चौघी पैठण्या नेसून गेलात तर सगळ्यांच्या वरताण! लंडनच्या व्हिक्टोरियाहून ट्रेन, ल्यूइस स्टेशनवरून त्यांचीच बस.

कोपऱ्यातली खुर्ची

रानजाई, ते ऑपेरा आहे हो. त्यांना नाटक बघायचंय. आणि चांगल्या खुर्चीचं तिकीट घ्यायचं तर 'उधळायचं नाही' हे वाक्य विसरावं लागेल. बागेत जाऊन नुसती सतरंजी पसरायला तेवढे पैसे मी तरी देणार नाही.

रानजाई

साठी एकदाच येते :)

तिसरी घंटा

बाप रे, किती छान माहिती, सगळ्यांचे आभार. मिनॅक आणि लेक डिस्ट्रिक्ट काढले (मिनॅक काढताना जीव तुटला). सरप्राइजही गेलं, काल तिला सांगून टाकलं, ती आधी रडली आणि मग दहा मिनिटांत तिची स्वतःची यादी पाठवली, त्यात हिडकोटची बाग सगळ्यात वर. तर स्ट्रॅटफर्डला राहून हिडकोट जमतं का? गाडीशिवाय? आणि स्ट्रॅटफर्ड लंडनहून एका दिवसात करून यावं असं एकीचं म्हणणं आहे.

आगगाडी

एका दिवसात नको. मॅरिलेबोनहून सव्वादोन तासांच्या आसपास लागतात, जाणं ठीक, पण रात्रीचा प्रयोग सुटल्यावर लंडनची ट्रेन मिळेल या भरवशावर राहू नका. राहाच तिथे, दोन-तीन रात्री. सगळं चालत अंतरावर आहे.

हिडकोट स्ट्रॅटफर्डपासून दहा-बारा मैल. गाडी नसेल तर टॅक्सी आदल्या दिवशी ठरवून ठेवा, परतीचीसुद्धा, कारण तिथे बाहेर टॅक्स्या उभ्या नसतात आणि मोबाइलची रेंजही बेभरवशाची. रेडिंगवाल्या मैत्रिणीला म्हणावं तू गाडी घेऊन स्ट्रॅटफर्डला ये, बॅगा हॉटेलात राहतील, चार बायका मावतात ना. तिकडचे रस्ते दोन्ही बाजूंना कुंपणाची झाडं आणि मधून एकच गाडी जाईल एवढे, समोरून ट्रॅक्टर आला की मागे घ्यावं लागतं, त्यामुळे सवय असलेलीनेच चालवावं. लंडनमध्ये मात्र गाडी अजिबात आणू नका, कंजेशन चार्ज (शहराच्या मध्यात गाडी आणल्याचा आकार), पार्किंग, सगळाच ताप.

रानजाई

हिडकोटला जाल तर शेजारचं किफ्ट्सगेट सोडू नका, चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. हिडकोट लॉरेन्स जॉन्स्टन नावाच्या मूळच्या अमेरिकन माणसाने १९०७ पासून रचलं, उंच कुंपणांच्या भिंती आणि आत एकामागून एक खोल्या, प्रत्येक खोलीचा रंग वेगळा. एका खोलीतून दुसरीत जाताना पुढे काय आहे ते दिसतच नाही. @तिसरी घंटा, तुम्हाला नाटकवालीला ही बाग कळेल बघा, प्रवेश बदलतात.

किफ्ट्सगेट मात्र आईने सुरू केलेलं, मुलीने वाढवलेलं, आता नात बघते. आटोपशीर, डोंगराच्या उतारावर. तिथे एक गुलाब आहे, बागेच्याच नावाचा, झाडावर चढून अख्खं झाड गिळून बसलेला, इंग्लंडमधल्या सगळ्यात मोठ्या गुलाबांपैकी. तो जूनच्या अखेरीला-जुलैत फुलतो, तुम्हाला पानंच दिसतील बहुधा, पण आकार बघूनही थक्क व्हाल. ही बाग रोज उघडी नसते आणि दुपारीच उघडते, म्हणून वार बघून जा, सकाळी हिडकोट आणि दुपारी ही, एवढंच करा त्या दिवशी.

पास : हिडकोट, सिसिंगहर्स्ट, मॉटिसफाँट तिन्ही नॅशनल ट्रस्टची (जुनी घरं-बागा जपणारी संस्था) आहेत. परदेशी पाहुण्यांसाठी त्यांचा ७ किंवा १४ दिवसांचा टूरिंग पास असतो. तिन्ही करणार असाल तर हिशोब घालून बघा, एकच करणार असाल तर नको. किफ्ट्सगेट, डिक्स्टर, लंडनचं क्यू गार्डन त्यात येत नाहीत. रेडिंगवाली कदाचित मेंबर असेलच, तिकडचे बरेच लोक असतात.

कोपऱ्यातली खुर्ची

स्ट्रॅटफर्डमध्ये रॉयल शेक्सपिअर थिएटर २०१० मध्ये आतून नव्याने बांधलं, स्टेज आता प्रेक्षकांत घुसलेलं आहे आणि तीन बाजूंनी लोक, त्यामुळे मागची खुर्चीसुद्धा फार लांब नाही. बाजूला स्वान थिएटर, छोटं, लाकडी, जमलं तर तिथलं काहीही बघा, नाव माहीत नसलं तरी. अनोळखी नाटक असेल तर कथानक आधी वाचून जा, जुनी इंग्रजी पहिली वीस मिनिटं कानावरून जाते, मग कान बसतो.

आणि बर्थडे गर्लला न्यू प्लेसच्या बागेत न्या. शेक्सपिअरचं शेवटचं घर तिथे होतं. पुढे ती जागा, तिच्यावर नंतर नव्याने बांधलेल्या घरासकट, एका पाद्र्याच्या मालकीची झाली, फ्रान्सिस गॅस्ट्रेल. शेक्सपिअरने लावलेलं म्हणून एक तुतीचं झाड बघायला लोक येऊन डोकं खायचे, तर बाबाने १७५६ मध्ये झाडच तोडलं. मग कराच्या भांडणात १७५९ मध्ये घरही पाडून टाकलं! गावाने त्याला पळवून लावलं. म्हणून आज तिथे घर नाही, नुसती बाग आहे.

चहाबाज

हा गॅस्ट्रेल आमच्या सोसायटीत चेअरमन होता बहुतेक.

रविवारचं राहिलंच. नॅशनल गार्डन स्कीम बघा. १९२७ पासून चालू आहे, सामान्य लोक आपल्या घरच्या बागा वर्षातून एखाद-दोन दिवस लोकांसाठी उघडतात, तिकिटाचे पैसे नर्सिंगच्या धर्मादाय संस्थांना जातात. वेबसाइटवर तारीख आणि पोस्टकोड टाकला की जवळच्या बागा येतात, रस्त्यावर पिवळ्या पाट्या लावलेल्या असतात. मोठ्या बागांपेक्षा इथे तुमच्या मैत्रिणीला जास्त मजा येईल, कारण मालक किंवा मालकीण स्वतः चिखलाच्या बुटांत उभी असते आणि कुठल्या गोगलगाईने काय खाल्लं हे अर्धा तास सांगते. आणि केक घरचा असतो.

तिसरी घंटा

ओके, नवा प्लॅन. आधी लंडन पाच-सहा रात्री : क्यू, रीजंट्स पार्क दुसऱ्याच दिवशी, ग्लोब (दोघी यार्डात, दोघी बाकावर), नॅशनलचं रशमध्ये मिळालं तर, आणि एक दिवस ट्रेनने सिसिंगहर्स्ट. डिक्स्टर यावेळी नाही. मग रेडिंगला मैत्रिणीकडे, १८ तारखेला सकाळी मॉटिसफाँट, बर्थडे गर्लने फोटो बघून लगेच होकार दिलाय. तिथून स्ट्रॅटफर्ड तीन रात्री, दोन नाटकं, हिडकोट-किफ्ट्सगेट, रविवारी पिवळ्या पाट्या. बाथ पण काढलं. ग्लाइंडबोर्नवर मतदान घेतलं, तीन विरुद्ध एक असं हरलं, ती एक मी नव्हते.

सिसिंगहर्स्टला स्टेशनवरून कसं जायचं?

आगगाडी

चेरिंग क्रॉसहून स्टेपलहर्स्ट, साधारण तासभर. तिथून साडेपाच-सहा मैल, टॅक्सी आधी बुक करा, चौघींत वाटून फार नाही पडत. ट्रेन साडेनऊनंतरची पकडा म्हणजे ऑफ-पीक आणि ग्रुपसेव्ह दोन्ही मिळेल. लंडन ते रेडिंग एलिझाबेथ लाइननेही जाता येतं, थांबत थांबत जाते पण बॅगा घेऊन चढायला सोपी.

रानजाई

मॉटिसफाँटला गाडीत जागा ठेवा, बाहेर पडताना रोपांचं दुकान लागतं. तुम्ही इकडे रोपं आणू शकणार नाही, पण रेडिंगवालीच्या अंगणात एक जुना गुलाब लावून या.